शॉवरमध्ये कधी गार, कधी चटका : दोन लाइनींच्या प्रेशरचा घोळ निस्तरताना

आमच्या एका बाथरूममधल्या शॉवरचं पाणी सप्टेंबर 2024 मध्ये बिघडलं आणि जानेवारी 2025 मध्ये ताळ्यावर आलं. मधल्या काळात प्लंबर, नळांचं दुकान, गच्ची आणि सोसायटीची कमिटी असं सगळीकडे फिरून झालं. ज्यांच्या इमारतीत सोलरचं गरम पाणी आहे आणि गार पाण्याच्या लाइनला नुकताच प्रेशर पंप लागलाय, त्यांच्याकडे हा त्रास जवळपास असाच्या असा होऊ शकतो. पुण्यात अशा इमारती भरपूर आहेत, म्हणून तारखा आणि खर्चासकट सगळं लिहून ठेवते आहे.

आधी घराची रचना सांगते, कारण सगळं तिथेच अडकलेलं आहे. आमची इमारत सात मजली, आम्ही सातव्यावर. घरात दोन बाथरूम. हॉलजवळच्या मोठ्या बाथरूममध्ये सोसायटीच्या सोलरचं गरम पाणी येतं, बेडरूमला लागून असलेल्या छोट्या बाथरूममध्ये 15 लिटरचा गीझर आहे. सासूबाई मोठं बाथरूम वापरतात, कारण धरायच्या दांड्या आणि बसायचं स्टूल तिथे आहे.

वरच्या दोन मजल्यांना पाणी फार मंद यायचं. टाकी गच्चीवर, घर तिच्या लगेच खाली, त्यामुळे पाण्याला जोरच नाही. बऱ्याच अर्जविनंत्यांनंतर सोसायटीने सप्टेंबरमध्ये सहाव्या-सातव्या मजल्याच्या गार पाण्याच्या डाऊनटेकवर (टाकीतून घरांकडे खाली येणाऱ्या पाइपवर) प्रेशर पंप बसवला. बेसिनचा नळ पहिल्यांदा दणकून आला तेव्हा आम्हाला खरोखर आनंद झाला. वॉशिंग मशीन लवकर भरायला लागलं, किचनमध्ये भांडी पटापट व्हायला लागली. मोठ्या बाथरूमचा शॉवर मात्र तेव्हापासून बिनसला.

डायव्हर्टरची, म्हणजे गरम-गार पाणी मिसळणाऱ्या शॉवरच्या नळाची, दांडी मधोमध ठेवली की निव्वळ गार पाणी. गरमकडे सरकवत नेली तरी गारच, अगदी टोकाला नेल्यावर कुठे कोमट. तसं करून अंघोळ चालू असताना कुणी किचनचा नळ उघडला किंवा दुसऱ्या बाथरूममध्ये फ्लश केलं की गारचा जोर पडायचा आणि शॉवरमधून एकदम कढत पाणी यायचं. थोड्या वेळाने वर पंप चालू झाल्याचा आवाज आला की पुन्हा गार. 24 सप्टेंबरला सकाळी आईंच्या (सासूबाईंच्या) खांद्यावर असं पाणी पडलं. फोड आला नाही, पण कातडी लालभडक झाली आणि त्या इतक्या घाबरल्या की पुढे कितीतरी दिवस शॉवरला हात लावेनात. म्हाताऱ्या माणसांची त्वचा पातळ असते आणि त्यांना पटकन बाजूलाही होता येत नाही. 60 अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं, आणि सोलरच्या टाकीतलं पाणी ऊन चांगलं असेल तर सहज त्याच्या वर जातं. त्यामुळे 'जरा सांभाळून करा अंघोळ' एवढ्यावर हा विषय सोडणं मला पटत नव्हतं.

त्या दिवसापासून दुरुस्ती होईपर्यंत आम्ही बादलीवर आलो. तुमच्याकडे असं होत असेल तर तुम्हीही आधी तेच करा. बादलीत गार पाणी आधी घ्यायचं, मग गरम, हाताने ढवळून बघायचं आणि मगच अंगावर घ्यायचं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात नेहमीच्या प्लंबरला बोलावलं. त्यांनी डायव्हर्टरचं कार्ट्रिज (आतला पाणी मिसळणारा भाग) खराब झाल्याचं सांगितलं. नवीन कार्ट्रिज 1,900 रुपये, मजुरी 400. पाणी होतं तसंच राहिलं. मग ते म्हणाले, गार लाइनचा कॉक थोडा दाबून ठेवू. तो दाबल्यावर दोन दिवस बरं वाटलं, पण पंप चालू-बंद होताना तापमान पुन्हा हललंच. त्याचं कारण मला नंतर कळलं. अर्धवट बंद केलेला कॉक पाण्याचा प्रवाह कमी करतो, प्रेशर एका आकड्यावर धरून ठेवत नाही. मागून जोर वाढला की कॉकमधून येणारं पाणीही वाढतं.

दुकानात चौकशी केली तर त्यांनी थर्मोस्टॅटिक मिक्सर दाखवला, 24,000 रुपयांचा. त्यात एक मेणाचा घटक असतो, तो उष्णतेने फुगतो-आकसतो आणि गरम-गारचं प्रमाण आपोआप बदलतो. वस्तू उत्तम आहे यात शंका नाही. पण मी तिथेच उभं राहून माहितीपत्रक वाचलं. त्या मॉडेलला दोन्ही बाजूंना किमान 1 बार प्रेशर हवं होतं आणि दोन्हीकडचं प्रेशर शक्यतो सारखं असावं असंही लिहिलं होतं. आमच्या सोलरच्या लाइनला किती प्रेशर आहे, असं मी दुकानदारांना विचारलं. त्यांना अर्थातच ते माहीत असणं शक्य नव्हतं, आणि मलाही माहीत नव्हतं. ते मोजल्याशिवाय काही विकत घ्यायचं नाही, एवढं ठरवून मी घरी आले.

दिवाळीत कुठलाच प्लंबर मिळत नाही. सगळे गावी गेलेले असतात आणि भाऊबीज झाल्यावरही आठवडाभर फोन उचलत नाहीत. त्या दिवसांत मोजमापाचं काम घरच्या घरी झालं.

हार्डवेअरच्या दुकानात डायल असलेला प्रेशर गेज मिळतो. अर्ध्या इंची आटे असलेला, 0 ते 4 किलोपर्यंत दाखवणारा घ्या, मोठ्या आकड्यांचा नको. मला 400 रुपयांना मिळाला. आपल्याकडे प्लंबर 'किलो' म्हणतात ते प्रेशर म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला एक किलो, साधारण एक बार. बेसिनखालच्या अँगल कॉकची लवचीक नळी काढून तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळून गेज लावला. गार लाइनचा काटा 1.3 आणि 2 किलोच्या दरम्यान सतत वरखाली. पंप 2 ला बंद व्हायचा, पाणी वापरलं की काटा खाली यायचा, 1.3 च्या आसपास पंप पुन्हा चालू व्हायचा. मग तोच गेज गरम लाइनला लावला. काटा अर्ध्या किलोच्याही खाली, जेमतेम हललेला.

ते खरं आहे का हे गच्चीवर टेप नेऊन पडताळलं. पाण्याची उभी उंची 10 मीटर असेल तर 1 किलो प्रेशर मिळतं, एवढं लक्षात ठेवलं की पुरतं. आमचं सोलर काचेच्या नळ्यांचं आहे, नॉन-प्रेशराइज्ड प्रकारचं. त्याच्या शेजारी उंच स्टँडवर एक छोटी गार पाण्याची टाकी असते, ती सोलरला पाणी पुरवते, आणि गरम पाण्याचा जोर या छोट्या टाकीतल्या पातळीवर ठरतो. ती पातळी गच्चीच्या स्लॅबपासून 2.2 मीटर वर होती. आमचा शॉवर स्लॅबच्या 0.9 मीटर खाली. म्हणजे शॉवरपाशी गरम पाण्याला 3.1 मीटर उंची, 0.31 किलो. गारला त्याच जागी त्याच्या चार ते सहा पट.

आता सगळं जुळलं. डायव्हर्टरच्या आत दोन्ही पाणी एकाच छोट्या जागेत येतात. एसटीच्या दारात धडधाकट माणसं आधी घुसतात आणि म्हातारं माणूस पायरीखालीच राहतं, तसं गरम पाण्याचं होत होतं. दांडी पार गरमकडे नेली की गारला जेमतेम फट उरते आणि तेवढ्या फटीवर तापमान तोललेलं असतं. गारचा जोर जरा पडला की तोल जातो. दुसऱ्या बाथरूममध्ये हे कधीच झालं नव्हतं, कारण तिथे गीझरला जाणारं आणि शॉवरला जाणारं पाणी एकाच पंपाच्या लाइनमधून येतं. प्रेशर वाढलं तर दोन्हीकडे वाढतं, घटलं तर दोन्हीकडे घटतं. एकाच घरातल्या दोन बाथरूमांतला हा फरक तपासायला एक पैसा लागत नाही. तुमच्याकडे दोन असतील तर सुरुवात तिथून करा.

याच सुमाराला आणखी एक गोष्ट लक्षात आली आणि पुढे कमिटीत तीच कामाला आली. रात्री दीड-दोन वाजता, सगळं निजलेलं असताना, वरचा पंप मधूनमधून चालू व्हायचा. आमची बेडरूम बरोबर त्याखाली. कुणी पाणी वापरत नसताना पंप का लागावा? शिवाय सहाव्या मजल्यावरच्या काकू बरेच दिवस तक्रार करत होत्या की सकाळी सोलरचं पाणी गार येतं, आणि वॉचमन म्हणत होते की पहाटे गच्ची ओली असते.

15 नोव्हेंबरला पहाटे साडेपाचला वॉचमनकाकांबरोबर गच्चीवर गेले. सोलरच्या टाकीवर हवा जायला एक उभा पाइप असतो, वरचं टोक छत्रीच्या मुठीसारखं वळवलेला. त्या टोकातून करंगळीएवढी धार पडत होती. टाकीच्या पत्र्यावर ती जिथे आपटत होती तिथे क्षाराचा पांढरा, खरखरीत पट्टा धरलेला, नखाने खरवडला तर भुकटी निघेल असा. म्हणजे हे एका रात्रीचं नव्हतं. पाण्याखाली हात धरला तर ते गार होतं. सोलरच्या टाकीतून, तिच्या डोक्यावरून, गार पाणी ओसंडून वाहत होतं.

ते पाणी खालून, आमच्यासारख्या घरांमधून वर चढत होतं. मिक्सरची दांडी मध्ये ठेवून हँडशॉवर त्याच्या बटणाने बंद केला की बाहेरची वाट बंद होते, पण आत गरम आणि गार एकमेकांना जोडलेले राहतात. गारला दीड-दोन किलोचा जोर, गरमला तिसरा हिस्सा किलोसुद्धा नाही. गार पाणी सरळ गरमच्या पाइपमध्ये शिरतं आणि उलटं वर जातं. पंप बसवण्याआधी दोन्हीकडे साधारण सारखाच जोर होता म्हणून कुणाला कळलं नाही. जुन्या जोडणीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारी झडप, कुठेच नव्हती.

हे घरी तपासायची सोपी रीत आहे. गरम पाण्याच्या लाइनचा घराबाहेरचा, डक्टमधला (इमारतीचे पाइप जातात त्या उभ्या पोकळीतला) कॉक पूर्ण बंद करायचा. मग बाथरूममधला फक्त गरमचा नळ उघडायचा. पाइपमधलं उरलेलं पाणी येऊन थांबलं तर ठीक. येतच राहिलं आणि ते गार असलं, तर तुमच्या घरात कुठेतरी गार लाइन गरमला जोडली जाते आहे. आमच्याकडे येत राहिलं. सहाव्या-सातव्याच्या शेजाऱ्यांनी मोकळेपणाने तपासू दिलं, तर आणखी दोन घरांत तेच निघालं.

यावर काय करायचं याचे बरेच मार्ग मी वह्यांत लिहून काढले. गारच्या लाइनला प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह लावायचा, तर बाजारात मिळणारे बहुतेक व्हॉल्व्ह अर्धा-एक किलोच्या खाली उतरतच नाहीत, आणि मला 0.3 च्या जवळ यायचं होतं. सोलरच्या लाइनलाच पंप लावायचा, तर सोलरच्या देखभालीचं काम करणाऱ्या माणसाने स्पष्ट नाही म्हटलं. काचेच्या नळ्या टाकीत फक्त रबरी रिंगांवर बसवलेल्या असतात, टाकीत प्रेशर गेलं की तिथून गळती सुरू होते. टाकीतून बाहेर येणाऱ्या लाइनवर पंप लावला तर तो हवेच्या पाइपमधून हवा ओढू शकतो, शिवाय सामायिक गरम पाणी एकट्या आमच्या घरात खेचलं जाणार. ते मला स्वतःलाच योग्य वाटलं नसतं. सोलर सोडून तिथेही गीझर बसवणं हा चालणारा मार्ग होता, पण फुकटचं गरम पाणी असताना रोज वीज जाळायची हे मनाला पटेना.

उरला तो मार्ग सगळ्यात साधा होता. या एका बाथरूमला गार पाणी पंपाच्या आधीच्या जागेवरून, थेट टाकीतून द्यायचं. मोठ्या टाकीतली पातळी स्लॅबपासून साडेतीन मीटरच्या आसपास असते, म्हणजे शॉवरपाशी 4.4 मीटर, 0.44 किलो. गरमचे 0.31. फरक जेमतेम 0.13 किलोचा आणि तोही स्थिर. सोलरच्या छोट्या टाकीतूनच गार पाणी घेतलं असतं तर दोन्ही अगदी सारखे झाले असते, पण ती टाकी एवढा वापर पेलण्याइतकी मोठी नाही. धबधब्यासारखा शॉवर मिळणार नाही हे आम्हाला मान्य होतं. आईंना जोर नको होता, भरवसा हवा होता.

इथून पुढे सोसायटी. गच्चीवरून पाइप आणि सामायिक डक्टमधलं काम म्हणजे परवानगी लागणारच. 18 नोव्हेंबरला अर्ज दिला. अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर ऑफिसच्या आवक शिक्क्याची पोच घ्या, तोंडी बोलण्यावर विसंबू नका. अर्जासोबत मी हाताने काढलेला नकाशा, दोन्ही लाइनींचे प्रेशरचे आकडे, गच्चीवरच्या धारेचे फोटो आणि प्लंबरच्या परवान्याची झेरॉक्स जोडली. 20 तारखेला विधानसभेचं मतदान, त्या आठवड्यात ऑफिसला कुणी भेटलंच नाही. कमिटीची मीटिंग महिन्यातून एकदा, पुढची 8 डिसेंबरला.

मीटिंगमध्ये विरोध असा कुणी केला नाही, पण शंका बऱ्याच होत्या आणि त्या रास्त होत्या. खजिनदारांना भीती होती की आज एकाला परवानगी दिली की उद्या सगळेच गच्चीवर पाइप टाकतील. चेअरमनकाकांना गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची काळजी, दोनच वर्षांपूर्वी ते नव्याने केलेलं. एकाने सुचवलं की सोलरच बंद करून टाकू या, कटकट संपेल. त्यावर सेक्रेटरींनीच उत्तर दिलं की सोलर चालू असेल तरच महापालिकेची मिळकतकरातली सवलत मिळते, ते बंद करायचा विषय नको. मी माझ्या शॉवरबद्दल कमी आणि त्या धारेबद्दल जास्त बोलले. रात्रभर पंप लागतो त्याचं वीजबिल सामायिक आहे, टाकीचं पाणी गच्चीवर वाहून जातं, आणि इतर घरांना सोलरचं पाणी गार मिळतं. हे ऐकल्यावर बोलण्याचा सूर बदलला. आपल्या अडचणीत सोसायटीची अडचण दडलेली असेल तर तीच आधी मांडा.

ठराव झाला. अटी अशा: स्लॅबमध्ये एकही भोक पाडायचं नाही, पाइप सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवायचा, काम सकाळी 10 ते 1 आणि दुपारी 3 ते 6, रविवारी बंद, 5,000 रुपये परत मिळणारं डिपॉझिट, कामगारांच्या आधारकार्डाची प्रत गेटवर. पत्र हातात पडायला 19 डिसेंबर उजाडला. ऑफिसात जाऊन आठवण करत राहावं लागतं, त्यात कमीपणा मानू नये.

प्लंबर यावेळी दुसरे घेतले, सोलरच्या कामाची सवय असलेले. ते डक्टमध्ये टॉर्च मारून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ताई, टाइल फोडायची गरजच नाही. तुमच्या बाथरूमची फांदी इथेच डक्टमध्ये फुटते. इथे कापून नवी लाइन जोडतो." मला तोडफोडीचीच सगळ्यात जास्त धास्ती होती, त्यामुळे हे ऐकून फार हलकं वाटलं. त्यांच्याशी दोन गोष्टींवर नीट चर्चा झाली आणि त्या तुम्हीही करून घ्या. पहिली, पाइपची जाडी. ते पाऊण इंच म्हणत होते, मी एक इंचाचा आग्रह धरला. उंची कमी असेल तेव्हा पाइप जाड हवा आणि वळणं कमीत कमी हवीत, नाहीतर आहे तो जोरही घर्षणात जातो. दुसरी गोष्ट त्यांनी मला सांगितली. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह स्प्रिंगचा घ्यायचा नाही, झडपेचा घ्यायचा. स्प्रिंग ढकलून उघडायलाच थोडं प्रेशर खर्च होतं आणि आमच्याकडे ते मुळातच तोकडं. झडपेचा व्हॉल्व्ह मात्र आडव्या पाइपमध्येच बसवायचा, वरून खाली येणाऱ्या पाइपमध्ये ती झडप बसतच नाही. व्हॉल्व्हवर बाण असतो, तो पाण्याच्या दिशेला आहे ना हे आपण स्वतः डोळ्यांनी बघावं.

काम 10 जानेवारीला, शुक्रवारी झालं. मुख्य टाकीच्या लाइनला जोड द्यायचा म्हणून आमच्या विंगचं पाणी 11 ते 1 बंद. आदल्या दिवशी नोटीस बोर्डावर कागद आणि ग्रुपवर निरोप, तरी सकाळी पुन्हा एकदा निरोप टाकला. थंडीत पाणी बंद असलेलं कुणाला आवडत नाही, निदान आधी कळलं की लोक भरून ठेवतात. जोड देऊन, बॉल व्हॉल्व्ह बसवून वेळेत पाणी सुरू झालं. मग गच्चीवरून पाइप आणि डक्टमधून खाली आमच्या फांदीपर्यंत. सीपीव्हीसीच्या (प्लास्टिकच्या) पाइपांच्या जोडांना लावलेलं सोल्युशन वाळायला वेळ द्यावा लागतो, म्हणून आमचं बाथरूम दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बंद ठेवलं.

शनिवारी कॉक उघडला तर नळाने नुसती फसफस केली आणि पाणी थांबलं. एअर लॉक. गच्चीवर एका ठिकाणी ठोकळा उंच झाला होता आणि पाइपला तिथे उंचवटा आला होता, हवा त्यात अडकली. पंपाच्या जोरात असली हवा आपोआप ढकलली जाते, टाकीच्या उंचीवर चालणाऱ्या लाइनमध्ये नाही. प्लंबरदादांनी ठोकळा बदलून पाइपला टाकीपासून डक्टपर्यंत सलग उतार दिला, युनियन (उघडता येणारा जोड) सैल करून हवा काढली आणि पाणी धो धो नाही, पण एकसारखं यायला लागलं. गच्चीवर उघडा राहणारा पाइप उन्हाने ठिसूळ होतो, म्हणून त्यावर पांढऱ्या रंगाचे दोन हात मारून घेतले.

मग पुन्हा मोजणी. बेसिनखाली गार लाइनचा काटा आता अर्ध्या-पाऊण किलोच्या दरम्यान एका जागी उभा. किचनचा नळ, दुसऱ्या बाथरूमचा फ्लश, वॉशिंग मशीन, सगळं एकदम चालू करून बघितलं. काटा हलला नाही, कारण ते सगळं पंपाच्या लाइनवर आणि हे बाथरूम नाही. शॉवरखाली स्वयंपाकघरातला थर्मामीटर धरला. दांडी मधल्यापेक्षा थोडी गरमकडे, आणि पाणी 39-40 अंशांवर स्थिर. जुना मोठा गोल शॉवर एवढ्या कमी प्रेशरला नुसता ठिबकायचा, म्हणून कमी प्रेशरसाठी मिळणारा छोटा शॉवर 1,250 रुपयांना घेतला. त्याची भोकं कमी असतात, त्यामुळे थोड्या पाण्यातही धार अंगाला लागते.

आईंना पहिल्या दिवशी मी दाराबाहेर थांबायला हवी होते. संक्रांतीच्या सकाळी त्यांनी तिळाचं उटणं लावून एकट्याने शॉवरखाली अंघोळ केली.

खर्चाचा हिशोब असा. पाइप आणि जोड 4,350, दोन नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह 1,040, बॉल व्हॉल्व्ह आणि युनियन 780, मजुरी 5,500, शॉवर 1,250. एकूण 12,920 रुपये. गेज आणि ऑक्टोबरमधलं कार्ट्रिज वेगळं. डिपॉझिटचा चेक फेब्रुवारीच्या अखेरीला मिळाला, त्यासाठी काम पूर्ण झाल्याचं पत्र आणि गच्चीचे फोटो द्यावे लागले. ज्या दोन घरांत पाणी उलटं जात होतं तिथेही व्हॉल्व्ह बसले, त्याचा खर्च सोसायटीने केला. रात्रीचा पंप थांबला आणि सोलरच्या डोक्यावरची धारही. काकूंना सकाळचं पाणी आता गरम मिळतं.

एक गोष्ट मात्र चालू ठेवावी लागते. मार्चपासून ऊन तापलं की सोलरचं पाणी 70 अंशांच्याही वर जातं, त्यामुळे थंडीत ठरवलेली दांडीची जागा उन्हाळ्यात चालत नाही. आम्ही एप्रिलच्या सुरुवातीला थर्मामीटर धरून नवी जागा शोधली, तिथे भिंतीवर ऑइलपेंटची छोटी खूण केली आणि गरम लाइनचा कॉक थोडा दाबून ठेवला. दोन्हीकडचं प्रेशर आता स्थिर असल्यामुळे तो दाबल्याचा उपयोग होतो. झडपेच्या व्हॉल्व्हमध्ये क्षार धरतो, टँकरचं पाणी येत असेल तर जास्तच. तो वर्षातून एकदा उघडून साफ करायचा आहे, म्हणून जानेवारीची तारीख कॅलेंडरवर टाकून ठेवली आहे.